९०, ६० की ३५? एकाच सायकलवर तीन स्टेम घासून बघितले त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, घाई असेल तर एवढंच वाचा आणि कामाला लागा. माझ्यासारखी २०१६-१७ च्या सुमाराची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) असेल, टेकडी हाच रोजचा ट्रेल असेल, तर ६० मिमीचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) घ्या आणि त्याच्यासोबत रुंद हँडल घ्या, नुसता स्टेम बदलू नका. ३५ च्या नादाला लगेच लागू नका. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी बाकीचं सविस्तर, कारण इथवर यायला मला एक अख्खा पावसाळा, त्यानंतरचा हिवाळा, एक कोपर आणि साडेचार हजार रुपये लागलेत, तर ते वाया कशाला घालवू.

झालं असं की गेल्या जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले होते आणि मी नेहमीसारखा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर देवळाकडून खाणीच्या दिशेने उतरत होतो. पाण्याने वाटेत एक आडवा चर पडला होता, आदल्या आठवड्यात नव्हता. पुढचं चाक त्यात बसलं, सायकल थांबली, मी काही थांबलो नाही, हँडलवरून थेट मुरमावर. कोपर सोललं, हेल्मेटला चांगलाच ओरखडा, आणि फिरायला आलेले एक काका धावत उचलायला आले ते उचलता उचलता "कशाला हो या वयात" म्हणून गेलेच. (वय ४३. काका, तुम्ही वाचत असाल तर नोंद घ्या.) संध्याकाळी ग्रुपमधल्या एका मित्राने सायकल बघितली, हा स्वतः पाच वर्षांत तीन सायकली बदलून बसलेला माणूस, म्हणाला अरे हा स्टेम बघ केवढा लांब, तू उतारावर चाकाच्या पुढे लोंबकळतोयस, मग पडणार नाही तर काय. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

ज्यांना स्टेम म्हणजे काय तेच माहिती नाही त्यांच्यासाठी, चिमट्याची (म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) नळी वर येते तिला धरणारा आणि पुढे हँडलला धरणारा जो छोटा तुकडा असतो तो. लांबी मोजायची ती चिमट्याच्या नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत. मी पहिल्यांदा फूटपट्टी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं आणि १३० आलं, घाबरलोच, म्हटलं कंपनीने रेसिंगची सायकल दिली की काय. मग नीट मोजल्यावर ९०. आणि बहुतेक स्टेमवर बाजूला किंवा खालच्या अंगाला लांबी आणि कोन छापलेलाच असतो, माझ्यावर होता, फक्त वर चिखलाचा थर होता.

आता हा तुकडा आखूड-लांब केल्याने होतं काय. सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, लांब स्टेम म्हणजे स्टीअरिंग जड, आखूड म्हणजे चपळ. मी आपला वही घेऊन बसलो. माझं जुनं हँडल ६८० मिमी, म्हणजे मध्यापासून मूठ ३४० वर. हँडल अगदी सरळ धरलं आणि ९० चा स्टेम असला तर मूठ वळायच्या केंद्रापासून ३५२ मिमीवर येते, ३५ चा लावला तर ३४२. फरक एका सेंटिमीटरचा! तरफेच्या हिशोबाने काहीच नाही हो हे. मग चालवताना एवढा फरक का जाणवतो, तर दोन कारणं. एक म्हणजे वजन. हात पुढे गेले की छाती पुढे जाते, पुढच्या चाकावर भार वाढतो आणि भार असलेलं चाक वळवायला जड लागतं. दुसरं म्हणजे हात कुठल्या दिशेला हलतात ते. लांब स्टेमला हँडल फिरवलं की मुठी पुढे-मागे जातातच पण बाजूलाही सरकतात, नांगराची रुमणी फिरवल्यासारखं. आखूड स्टेमला हँडलची टोकं मागे वळलेली असल्यामुळे (साधारण ७ ते ९ अंश असतात) मुठी जवळपास वळायच्या रेषेतच येतात, मग हात नुसते पुढे-मागे. अंगाला हा फरक लगेच कळतो, मोजपट्टीला कळत नाही.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. आखूड स्टेम लावला की हँडल खाली येतं! नळी मागे झुकलेली असते त्यामुळे स्टेम पुढे जाताना वरही चढतो. माझा ९० चा होता अधिक ६ अंशाचा, सायकलचा हेड अँगल (ती नळी जमिनीशी करते तो कोन) ७०, म्हणजे स्टेम जमिनीशी २० अधिक ६ असा २६ अंश, तर तो हँडलला साधारण ३९-४० मिमी वर नेत होता. ३५ चा शून्य अंशाचा लावला तर फक्त १२ मिमी. म्हणजे हँडल पाच सेंटिमीटर मागे आलं हे बरोबर, पण पावणेतीन सेंटिमीटर खालीही गेलं. आखूड स्टेम लावूनही मला मधूनच खाली वाकल्यासारखं का वाटतंय याचा मी आठवडाभर विचार करत होतो, शेवटी वहीत आकृती काढली तेव्हा ट्यूब पेटली. म्हणून म्हणतो सोबत थोडा उठाव असलेलं हँडल घ्याच, मी २५ मिमी उठावाचं घेतलं, किंवा स्टेमखाली वायसर (नळीवर घालायच्या चकत्या) वाढवायला नळी उरली असेल तर ते बघा. उलट ज्यांना हँडल खालीच हवंय ते स्टेम उलटा करून लावतात, माझा ९० चा उलटा केला असता तर फुकटात पावणेदोन सेंटिमीटर खाली. रिओ २०१६ ऑलिंपिकचा माउंटन बाइकमधला सुवर्णपदकवाला नीनो शुर्टर, माणूस फार उंच नाही, २९ इंची चाकांवर त्याचा स्टेम खाली वाकलेला असायचा तो ह्याचसाठी. आपण त्याची नक्कल करायची गरज नाही, त्याची पाठ वेगळी आपली वेगळी.

थोडं जुनं पुराण सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्वदच्या दशकातल्या एमटीबीचे (माउंटन बाइकचे) फोटो बघा, स्टेम १२० ते १५० आणि हँडल जेमतेम ५६०-५८०, रोड सायकललाच जाड टायर लावल्यासारखं. मग त्याच दशकाच्या शेवटी गॅरी फिशरने जेनेसिस जिऑमेट्री म्हणून फ्रेम पुढून लांब केली आणि स्टेम आखूड केला. पुढे माँड्रेकर या स्पॅनिश कंपनीने २०१३ च्या मॉडेलांत तर फ्रेम एवढी लांब केली की स्टेम चक्क १० मिमीचा. १०! हँडल जवळपास नळीच्या डोक्यावरच. आजकाल सगळ्यांच्याच ट्रेल बाईकना ३५ ते ५० मिमीचा येतो तो याच प्रवासातून आलेला आहे. पण बघा, त्या लोकांनी स्टेम कापला तेवढा फ्रेमचा पुढचा भाग वाढवला, हेड अँगल ७१ वरून ६५-६६ वर आणला, हँडल रुंद केलं, आणि सीटची नळी उभी केली म्हणजे चढावर माणूस आपोआप पुढे बसतो. चार-पाच गोष्टी एकत्र केल्या. आपण काय करतो, जुन्या सायकलवर त्यातली एकच गोष्ट उचलून लावतो आणि म्हणतो सायकल मॉडर्न झाली. वरण न करता नुसती फोडणी ओतल्यासारखं आहे ते.

माझ्या सायकलची मापं सांगतो म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. मीडियम फ्रेम, २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, रीच (पायडलच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ४०५ मिमी, हेड अँगल ७०, सीटची नळी ७३ अंश. माझी उंची ५ फूट ७ इंच. आजच्या मीडियमचा रीच सहज ४४० च्या आसपास असतो, म्हणजे माझी फ्रेमच साडेतीन सेंटिमीटर आखूड. तिच्यावर ३५ चा स्टेम लावला की काय होणार हे खरंतर इथेच कळायला हवं होतं, पण आपण शिकतो ते पैसे घालवूनच.

तर खरेदी. पहिली फजिती माझी स्वतःचीच. ऑनलाइन "स्टेम ३५ एमएम" शोधलं, स्वस्तात दिसला, मागवला. आला. हँडल बसेना. बसेना म्हणजे काय, आत लडबड लडबड हलतंय! तर तो ३५ आकडा लांबीचा नव्हताच, हँडल पकडायच्या भोकाचा व्यास होता. एमटीबीच्या हँडलचे व्यास तीन असतात हे लक्षात ठेवा, जुन्या किंवा स्वस्त सायकलींना २५.४, बहुतेक सगळ्या सायकलींना ३१.८, आणि हल्लीच्या काही महागड्यांना ३५. माझं ३१.८. विकणाऱ्याने फोटोखाली काही नीट लिहिलं नव्हतं हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं, परत पाठवायला कुरिअरचे पैसे गेले वर. कुणी कुणी पत्र्याची पट्टी घालून बसवतात म्हणे, तसलं काही करू नका बाबांनो, दात प्यारे असतील तर.

मग ३५ लांबीचा आणि ३१.८ चा, असा दोन्ही आकडे तपासून मागवला, ९५० रुपये. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नावही नव्हतं त्याला. दिसायला एकदम देखणा, काळा, सीएनसी मशीनवर कोरलेला, कडा चकचकीत. पण बोल्ट! पहिल्याच वेळी कसताना एका बोल्टचं षटकोनी डोकं गोल झालं, एलन की आत फिरायला लागली. ४ मिमीची चांगली चावी होती, जोर फार नव्हता, बोल्टच लोण्याचा. तो कसाबसा काढला आणि रविवारी बोहरी आळीत जाऊन सहा बोल्ट आणले, एम ५, १२.९ ग्रेडचे, काळे येतात ते. दुकानदाराने विचारलं कशाला पाहिजेत, म्हटलं सायकलला, तर म्हणाला सायकलला एवढे भारी कशाला, म्हटलं दात लावायचेत त्यावर. हसला नाही. हे बोल्ट मजबूत असतात पण पावसाळ्यात गंजतात, थोडं ग्रीस लावून ठेवा. स्टीलचे चकचकीत स्टेनलेस घेऊ नका म्हणणार नाही, पण ताकदीला ते १२.९ च्या पासंगाला पुरत नाहीत.

६० चा मात्र नीट घेतला, तैवानच्या कॅलॉयचा उनो, ७ अंशाचा, १७०० ला पडला. आपल्याकडे स्वस्त आणि हलका म्हणून बरेच लोक हाच लावतात आणि मला तरी तक्रारीला जागा सापडली नाही. घरच्या पोळ्यांच्या पिठाच्या काट्यावर ठेवला तर शंभर ग्रॅमच्या आसपास, जुना ९० चा जवळपास दुप्पट. वजनाने चढावर काही फरक पडला का, तर अजिबात नाही, मी स्वतः त्याच महिन्यात दिवाळीचा फराळ खाऊन दीड किलो वाढलो होतो. हलका आहे म्हणून फार आडदांड उड्या मारणाऱ्यांनी विचार करा, माझ्या उड्या ओट्याच्या उंचीच्या वर जात नाहीत.

बसवण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे भलेभले चुकतात. आधी हँडलच्या पुढची झाकणी सोडवून हँडल बाजूला लोंबकळू द्या (फ्रेमच्या वरच्या नळीवर जुना टॉवेल टाका, ब्रेक लिव्हरने रंग उडतो), मग वरची टोपी, मग बाजूचे दोन बोल्ट. चिमटा खालून निसटून पडेल म्हणून सायकल चाकांवर उभीच ठेवा, स्टँडला टांगलेली नको. नवा स्टेम बसवून बघितल्यावर नळीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा २-३ मिमी खाली राहिलं पाहिजे, नाहीतर टोपी नळीवर टेकते आणि हेडसेट (नळीच्या बेअरिंगचा संच) कधीच घट्ट होत नाही, मी यावर एक अख्खा शनिवार घालवलाय, नव्या स्टेमची गळ्याची उंची जुन्यापेक्षा कमी होती, वर एक ५ चा वायसर टाकल्यावर काम झालं. आणि क्रम! आधी टोपीचा बोल्ट, अगदी हलका, फक्त खडखड जाईपर्यंत, आणि त्यानंतर बाजूचे बोल्ट. माझ्या डोळ्यांदेखत एका दुकानातल्या पोराने बाजूचे आधी आवळले आणि मग टोपी ताकदीने पिळत बसला, त्याला वाटलं हेडसेट टाइट होतोय, तो कसा होईल, स्टेमच हलत नाहीये ना. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटच्या फटीवर बोट ठेवा, टक टक लागलं तर ढिलं आहे. पुढच्या झाकणीची फट वर आणि खाली सारखी ठेवायची, बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे. जोर स्टेमवरच छापलेला असतो, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, आमच्या ग्रुपमध्ये एकच आहे आणि तो गावभर फिरतो, सत्यनारायणाच्या चौरंगासारखा.

आता ट्रेलवर.

३५ पासून सुरू करतो कारण सगळ्यांना तेच ऐकायचंय. पहिल्या दिवशी वेताळवर खाणीच्या त्याच उतारावर गेलो. तो चर अजून होताच, आता रुंद झाला होता. आणि काय सांगू, चाक आत गेलं, बाहेर आलं, मी जिथल्या तिथे! हात छातीजवळ, कोपरं बाहेर, पार्श्वभाग मागे, सायकल पायाखाली नाचतीये आणि मी वरून बघतोय असं वाटलं. तीन वेळा परत चढून परत उतरलो. घरी येऊन मित्राला मेसेज टाकला की तुला साबुदाणा खिचडी माझ्याकडून.

मग दुसऱ्या आठवड्यात खरी मजा. टेकडीवरच्या एआरएआय संस्थेच्या बाजूने वर चढताना जिथे डांबर संपून मुरूम लागतो आणि चढ उभा होतो, तिथे पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे, दारू प्यायल्यासारखं. सरळ रेषेत जाईचना. सीटच्या अगदी टोकावर येऊन बसलो, नाक हँडलवर, तरी एका दगडावर चाक उचललंच गेलं आणि पाय टेकावा लागला. ९० वर मी हाच चढ बोलत बोलत चढायचो. कारण सरळ आहे, जुनी फ्रेम, सीट मागे झुकलेली, वजन आधीच मागच्या चाकावर, आणि वर हात पण मागे घेतलेत, मग पुढच्या चाकावर उरलं काय. नव्या सायकलींना सीटची नळी ७६-७७ अंशाची असते म्हणून त्यांना हे सोसतं.

बरं चढाचं समजू शकतो, उतारासाठी चढाचा त्याग केला म्हणू. पण सपाट वळणावर जे झालं त्याने मन उडालं. कांचन वनाकडे जाताना एक साधं सपाट वळण आहे, टणक जमीन आणि वर बारीक मुरूम सांडलेला, म्हणजे फरशीवर साबुदाणे. पुढचं चाक आवाजही न करता सटकलं. वेग काही नव्हता. वजन नव्हतं ना पुढे! उतारावर जे मागे राहणं चांगलं वाटत होतं तेच सपाटीवर नडलं. नंतर कळलं की आखूड स्टेमवर वळताना मुद्दाम छाती पुढे न्यायची, पुढच्या चाकावर भार द्यायचा. सवय केली, जमलं बऱ्यापैकी, पण दमलो की विसरतो, आणि माणूस पडतो तो दमल्यावरच. कोपर तेच. तीच जागा.

म्हणजे ३५ वाईट का? नाही हो. मित्राच्या नव्या फुल सस्पेन्शन बाईकवर ४० चा आहे, एक चक्कर मारली, चढली पण छान आणि वळली पण छान. त्या फ्रेमला तो शोभतो. आणि तुमचं काम निव्वळ उतारच असेल, गाडीतून सायकल वर न्यायची आणि खाली यायचं, तर जुन्या सायकलवरही लावा. आपण टेकडीवर स्वतःच्या पायांनी चढणारी माणसं.

९० ची बाजूही मांडायला पाहिजे, बिचाऱ्याला सगळे शिव्या घालतात. दिवाळीनंतर आजोळी गेलो होतो, कोकणात आडिवऱ्याजवळ, सायकल गाडीवर टाकून नेली आणि मुद्दाम तिन्ही स्टेम पिशवीत घातले. (बायको म्हणाली फराळाचे डबे राहिले असते त्यात.) तिथला सडा म्हणजे जांभ्याचं पठार, मैलोनमैल सपाट, पण कातळ असा खडबडीत की हात बधिर होतात, आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुरू झाला की समोरून कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटतं. कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती बघायला गेलो, जाताना ३५, येताना ९०. (रस्त्यात बसून स्टेम बदलणारा माणूस बघून एका आजोबांनी विचारलं, "पंक्चर काय रे?", हो म्हटलं, कोण समजावणार.) ३५ वर अंग उभं, वारा छातीवर, उभं राहून पायडल मारलं की गुडघे हँडलला लागायच्या बेतात. ९० वर आडवा झालो, वाऱ्याखालून निघाल्यासारखं, सायकल रेषेत. चांदणी चौकातून मुळशीकडे डांबराने जातानाही हाच अनुभव. लांब पल्ला, सपाटी, डांबर आणि थोडाफार कच्चा रस्ता असा तुमचा बेत असेल तर कंपनीने दिलेला ८०-९० काढूच नका. कंपनी वेडी नसते, तिला माहिती असतं की चाळीस हजारांपर्यंतच्या कुठल्याही एमटीबीवर बसणारा आपला माणूस नव्वद टक्के वेळ डांबरावरच असतो. आकडा माझ्या मनाचा आहे, पण सकाळी चांदणी चौकात उभे राहून मोजा.

भर पावसात, काळ्या मातीत, चिखलात? तिथे स्टेमला काही कळत नाही, टायर बघा.

तर ६०. खरं सांगू, ६० बद्दल लिहायला फारसं काही नाही, आणि मला वाटतं तेच त्याचं कौतुक. लावला आणि विसरलो. एआरएआयचा चढ परत बोलत बोलत नाही पण धापा टाकत का होईना सरळ चढतोय, थोडंसं पुढे सरकून बसावं लागतं एवढंच. खाणीच्या उतारावर ३५ ची ती नाचरी मजा नाही, पण हँडलवरून जाण्याची भीती गेली, चरात चाक गेलं तरी शरीर मागे न्यायला जागा मिळते. त्या साबुदाण्याच्या वळणावर चाक धरून राहतं. पाषाण टेकडीवरच्या झाडांमधल्या अरुंद वळणांवर ९० वर मला दोन टप्प्यात वळायला लागायचं, आता एका झोकात होतं. पण इथे श्रेय वाटून द्यायला पाहिजे, अर्धं स्टेमचं आणि अर्धं हँडलचं. मी ६० चा स्टेम आधी जुन्या ६८० च्या हँडलवर दोन आठवडे चालवला होता, तेव्हा सायकल नुसती चंचल झाली होती, शिंक आली तरी वळायची. ७६० चं हँडल लावल्यावर स्थिर झाली. रुंद हँडलने हात फाकतात, छाती थोडी पुढे जाते, म्हणजे आखूड स्टेमने काढून घेतलेलं थोडं वजन ते पुढच्या चाकाला परत देतं. पुढे गिरिपुष्पाच्या झाडांना दोनदा बोटं ठेचल्यावर दोन्हीकडून एक-एक सेंटिमीटर हॅक्सॉने कापलं, आता ७४०. कापायच्या आधी मुठी आत सरकवून आठवडाभर चालवून बघा, कापलेलं परत चिकटत नाही.

आखूड स्टेमने हँडल मागे आलं की वायरी लांब पडतात, फुगून पुढे येतात, त्यांचं टेन्शन घेऊ नका, एका झिप टायने बांधा. उलट लांब स्टेमकडे किंवा फार रुंद हँडलकडे गेलात तर मात्र पूर्ण वळवून बघा, हायड्रॉलिक ब्रेकची नळी ताणली जाते.

आणखी एक, स्टेम आखूड केला की सायकल तोकडी वाटते म्हणून लोक सीट मागे ढकलतात. मी पण ढकलली. दहा दिवसांत गुडघा बोलायला लागला. सीटची जागा पायांवरून ठरते, हातांवरून नाही, ती आहे तिथेच ठेवा. सीट आहे तिथेच ठेवून तोकडंच वाटत असेल तर स्टेम फार आखूड झालाय, आणि १०० लावूनही लांबच वाटत असेल तर फ्रेमच तुमच्या मापाची नाही, स्टेमने एवढं मोठं पाप धुतलं जात नाही.

पैसे न घालवता बघायचं असेल तर एक युक्ती आहे जी मला सगळं झाल्यावर सुचली. कुठल्याही जुन्या सायकल मेकॅनिककडे एक पत्र्याचा डबा असतो, लोकांनी बदलून टाकलेले स्टेम, वायसर, बोल्ट सगळं त्यात. आमच्याकडच्या मेकॅनिककाकांनी मला ७० चा आणि ५० चा दोन्ही दोनशे रुपयांत दिले असते, "वापरून बघ आणि आणून दे" म्हणाले, तेही सगळं झाल्यावर. वर विचारलं, "आधी का नाही आलास?" नट ढिला करून वर-खाली होणारा अ‍ॅडजस्टेबल स्टेमही होता त्यात, तो घरासमोर बसून अंदाज घ्यायला ठीक, ट्रेलवर नको, जड असतो आणि सांधा कुरकुरतो.

आता ६० चं पुढे काय झालं ते. बायकोची उंची ५ फूट १, तिच्या सायकलला ८० चा होता आणि अर्ध्या तासात तिच्या करंगळ्यांना मुंग्या यायच्या, आम्ही दोन वर्षं ग्लोव्हज बदलत बसलो होतो. एका रविवारी सहज माझा ६० तिच्या सायकलला लावून दिला, तिचं हँडलही ३१.८ चंच होतं, नशीब. तळजाईला जाऊन आली आणि म्हणाली हा राहू दे. मी म्हटलं अगं तो माझा आहे. म्हणाली तुझ्याकडे तीन होते ना?

तर दुसरा ६० मागवलाय, मंगळवारपर्यंत येईल, तोवर ३५ वर आहे आणि चढावर उतरून चालतोय. ९० चा खिळ्याला टांगलेला आहे, बोल्ट जुने पण शाबूत, कुणाला मुळशी-ताम्हिणीच्या चकरांसाठी हवा असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. तो ३५ व्यासाचा लफडेबाज मात्र विचारू नका, तो परत गेला.